पुरात बुडालेला ३०० अँपिअरचा वेल्डिंग सेट : कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२१

भंगारवाला सकाळीच दारात. सेटकडे बघून म्हणाला, आत तांबं असेल तर एक भाव, अ‍ॅल्युमिनियम असेल तर दुसरा. आबा खुर्चीवरूनच बोलले, "तांबं हाय, आणि द्यायचा न्हाई." विषय मिटला, काम माझ्या गळ्यात पडलं.

जुलैच्या पुरात शेडमध्ये कमरेएवढं पाणी तीन दिवस उभं होतं. लेथची मोटर वेळेत काढली, ग्राइंडर नेले, हा ऑइल-कूल्ड सेट मात्र चौघांना जागचा हलेना म्हणून तिथेच राहिला. तेव्हापासून ताडपत्रीखाली आहे. मधल्या काळात छोट्या इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक) वेल्डिंग सेटवर भागवलं. आता गळीत सुरू झालंय आणि उसाच्या ट्रॉल्या दारात लागल्यात. चॅनेलच्या चेसिसला आठ नंबरचा (४ मिली) वेल्डिंग रॉड दिवसभर मारायचा तर इन्व्हर्टर दर थोड्या वेळाने तापून पिवळा दिवा लावून बसतो.

ठरलं ते असं : आधी समजून घ्यायचा, मग उघडायचा, तपासल्याशिवाय लाइन द्यायची नाही.

१० नोव्हेंबर

नेमप्लेट डिझेलच्या बोळ्याने पुसली. तारेचा ब्रश लावला नाही, अक्षरं गेली असती. वीस वर्षं या सेटवर काम करतोय, पण ही पाटी आज पहिल्यांदा वाचली.

वाचता आलं ते : आयएस १८५१ (वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरचं भारतीय मानक). इनपुट ४१५ व्होल्ट, २ लाइन, ५० सायकल. ओसीव्ही ८० व्होल्ट. करंट ५० ते ३००. ३०० अँपिअर ६० टक्क्यांना, २३२ अँपिअर सतत. २४ केव्हीए. कूलिंग ओएन, म्हणजे तेल आपोआप फिरून थंड. इन्सुलेशन ए.

"२ लाइन" वाचून थांबलो. आम्ही सगळे याला थ्री-फेजचा सेट म्हणतो. तो थ्री-फेज नाहीच. तिन्हीतले दोनच फेज घेतो, न्यूट्रलला हात लावत नाही. तिसरा फेज मोकळा. शेजारच्या चक्कीवाल्याची तक्रार होती की तुमचा सेट चालला की माझ्या दोन दिव्यांची उघडझाप होते आणि तिसऱ्याला काही होत नाही. आम्ही त्याला वेड्यात काढत होतो.

ओसीव्ही म्हणजे रॉड कशालाही टेकलेला नसताना दोन केबलींमध्ये असणारा व्होल्टेज. ठिणगी धरायला तो लागतो. एकदा आर्क (रॉड आणि लोखंडामधली सलग पेटती ठिणगी) धरला की व्होल्टेज पडतो आणि विशीत येतो. रॉडच्या कामासाठी मोजमापाला धरायचा लोड व्होल्टेज ठरलेला आहे : २० अधिक करंटच्या ०.०४ पट. म्हणजे १०० अँपिअरला २४ व्होल्ट, ३०० ला ३२.

आता ६० टक्के. हे दहा मिनिटांचं गणित आहे. ३०० अँपिअरवर दहातली सहा मिनिटं आर्क, चार मिनिटं विश्रांती. गरमी करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून सततचा आकडा काढायला ३०० ला ०.६ च्या वर्गमुळाने गुणायचं. ०.७७५ ने गुणलं, २३२ आले. पाटीवर तेच आहे. कागदावर स्वतः काढलेला आकडा पत्र्यावर उमटलेला सापडला की बरं वाटतं.

२४ केव्हीए सुद्धा असाच निघाला : ८० गुणिले ३००. आणि त्याला ४१५ ने भागलं की लाइनमधून ओढायचे ५८ अँपिअर. पण आर्कमध्ये प्रत्यक्ष जातात ३२ गुणिले ३००, म्हणजे ९.६ किलोवॉट. चोवीसातले साडेनऊ. बाकीचं बहुतेक जळत नाही, लाइनमध्ये नुसतं येऊन-जाऊन असतं. भिंतीवरच्या त्या पत्र्याच्या डब्याचा, म्हणजे कपॅसिटरचा, संबंध इथे आहे. त्याचं नंतर.

१२ नोव्हेंबर

तिपाई आणि उसना चेन ब्लॉक. आधी खालचा प्लग ढिला केला. पहिले दोन-तीन लिटर नुसतं गढूळ पाणी आलं, मग काळं तेल. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसलं होतं. टाकीत पुराचं पाणी शिरलं याला आणखी पुरावा नको. पंधरा लिटरचे पाच डबे भरले. हातात मोजे होते, इतक्या जुन्या तेलात काय असेल त्याचा भरवसा नाही. आबांना वाळवीसाठी वाशांना लावायला एक डबा हवा होता. दिला नाही. वापरलेलं तेल घेणाऱ्याकडे सगळं पाठवलं.

मग झाकणासकट आतला सांगाडा वर उचलला. आत यंत्र म्हणावं असं काही नाहीच. पातळ पत्र्यांच्या थप्पीचा कोअर. त्यावर बारीक तारेचं, बऱ्याच वेढ्यांचं एक कॉइल, ते प्रायमरी, लाइनकडचं. बोटाएवढ्या रुंद तांब्याच्या पट्टीचे थोडेच वेढे असलेलं दुसरं, ते सेकंडरी, रॉडकडचं. (आबा खरं बोलले, तांबंच आहे.) दोन्ही कॉइलांमध्ये जागा सोडलेली, आणि त्या जागेत पत्र्यांचाच एक ठोकळा, लांब स्क्रूवर बसवलेला. त्या स्क्रूचं टोक झाकणातून बाहेर येतं आणि त्याला आपलं हँडल.

इतकी वर्षं हँडल फिरवून "करंट वाढवला" म्हणत होतो, तो हा ठोकळा आत-बाहेर होत होता. ठोकळा आत घातला की प्रायमरीचं चुंबकत्व सेकंडरीपर्यंत न जाता मधूनच आडवाटेने परततं, आणि सेटचा करंट दाबला जातो. बाहेर काढला की आडवाट बंद, करंट जास्त. कुठेही घासणारा संपर्क नाही, जळणारा रेझिस्टन्स नाही. ओसीव्ही जवळपास तेवढाच राहतो, बदलतो तो भाराखालचा करंट.

यातच दुसरी गोष्ट येते, जी मला जास्त आवडली. या आडवाटेमुळे सेटचा करंट हट्टी होतो. हँडल एका जागी ठेवून हिशेब मांडला : आर्क २५ व्होल्टवर असताना १२० अँपिअर असेल, तर रॉड पूर्ण चिकटला तरी करंट १२६-१२७ च्या पुढे जात नाही. हात हलून आर्क लांबला, २२ चा ३० व्होल्ट झाला, तरी करंट तीन-चार टक्केच पडतो. साध्या ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं अशी जोडली तर फ्यूज उडेल. हा नुसता घुमतो. नवशिक्या पोराच्या हातूनही बीड (वेल्डिंगची रेघ) बऱ्यापैकी सरळ येते ती यामुळे.

ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या फायबरच्या पट्ट्या झिजल्यात. शेवटच्या वर्षी सेट फार थरथरत होता, त्याचं कारण सापडलं.

१४ नोव्हेंबर

वायरमनकडून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) आणला. प्रायमरी ते बॉडी : ०.३ मेगोहम. प्रायमरी ते सेकंडरी : ०.५. म्हणजे कॉइलं ओली आहेत. अशाला लाइन दिली असती तर ४१५ व्होल्ट होल्डरपर्यंत यायला वेळ लागला नसता.

रिकामी टाकी धुऊन पुसली, सांगाडा आत सोडला, २०० वॉटचे चार बल्ब तळाशी ठेवले, वरून ताडपत्री, एका कोपऱ्यातून वाफेला वाट. भट्टीचा थर्मामीटर लोंबकळत ठेवला. ए क्लासच्या इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंश, म्हणून ९० च्या वर जाऊ द्यायचं नाही.

१६ नोव्हेंबर

मेगर ०.१. पोटात गोळा आला. वायरमन म्हणाला, "असंच होतं, भाऊ. गरम झालं की आधी पडतंय. ओल निघाय लागली की मग वर येतंय. बल्ब बंद करू नका."

१७, १८ : ०.१, ०.४.

२० नोव्हेंबर

सकाळी ८, संध्याकाळी २५ मेगोहम. बल्ब बंद.

२१ नोव्हेंबर

गार झाल्यावर दोन्हीकडे ६० च्या वर. आता पहिल्यांदा वीज. पण ४१५ नाही. आधी घरगुती २३०, तीही सिरीज लँपमधून, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून. आत कुठे शॉर्ट असता तर दोनशेचा बल्ब फुल्ल पेटला असता. तो नुसता लाल धुगधुगला. लँप काढला, थेट २३० दिले, सेकंडरीवर मीटर धरला : ४३ व्होल्ट. हिशेबाने ८० गुणिले २३० भागिले ४१५, म्हणजे ४४ यायला हवेत. वेढे सगळे शाबूत.

आबा म्हणाले, "मग लाव की लाइन." तेल नाही अजून, आबा.

२४ नोव्हेंबर

नवीन ट्रान्सफॉर्मर ऑइल, काचेतल्या खुणेपर्यंत. फायबरच्या पट्ट्या बदलल्या. स्क्रूला ग्रीस. गॅस्केट नवं.

आउटपुटच्या हायलमच्या (वीज न वाहणाऱ्या फळीच्या) पाटीवर एका स्टडभोवती काळं वर्तुळ होतं. हे पुराचं पाप नाही, आमचं. लग (केबलच्या टोकाची कडी) ढिला राहायचा, कोणी पान्ह्याने आवळायचं नाही. १२० अँपिअर जात असताना त्या ढिल्या जोडात ओहमचा शंभरावा हिस्सा रेझिस्टन्स असला, तरी १४४ वॉट त्या एका ठिकाणी जळतात. सोल्डरिंग गनपेक्षा जास्त, चोवीस तास तयार. पाटी बदलली, पितळी स्टड नवे, दोन वॉशर आणि स्प्रिंग वॉशर. तांब्याच्या केबलला कोणीतरी अ‍ॅल्युमिनियमचा लग दाबला होता, त्यावर पांढरी भुकटी. तो तोडून कल्हईचा तांब्याचा लग क्रिंप केला.

केबल ३५ स्क्वेअरची, जाऊन-येऊन ४० मीटर. १२० अँपिअरला २.४ व्होल्ट केबलच खाते. गुंडाळी करून ठेवायची सवय मोडायला हवी. लागेल तेवढीच ठेवली तर आर्कला बरं आणि पायातही येत नाही.

२७ नोव्हेंबर

दुपारी ३ वाजता लाइन दिली. मेन स्विचमध्ये ६३ चे फ्यूज, बॉडीला वेगळी अर्थिंग पट्टी. एकदाच "ढुंग" असा आवाज, मग संथ घरघर. ओसीव्ही ७९.

आबांनी सवयीने उघड्या हाताने होल्डरला रॉड लावला. मी ओरडलो. ८० व्होल्ट ऐकायला कमी वाटतात, पण घामेजलेल्या हाताला आणि ओल्या जमिनीला ते पुरतात. शिवाय हे एसी, पकडलेला हात सुटत नाही. आबा रागावले, पण मोजे घातले.

आता मोजणी. १२ मिलीच्या पट्टीवर रॉड चालू ठेवायचा, पुतण्याने टाँग टेस्टर (केबलभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा मीटर) केबलला धरायचा. लाइन ४१२ व्होल्ट. हँडलचा काटा १०० वर : ८८ अँपिअर. १५० वर : १३१. २०० वर : १७८. म्हणजे काट्यावरचा आकडा नुसती खूण आहे, माप नाही. ठोकळा झिजला, पट्ट्या बदलल्या, काटा मात्र जन्मापासून तोच.

संध्याकाळी ७ ला परत. गावातल्या मोटरी चालू, लाइन ३७५. काटा १५० वरच, करंट ११९. व्होल्टेज जेवढा पडला तेवढ्याच प्रमाणात करंट पडला. आबा नेहमी म्हणतात, "सांजंला लाइट कमी आसतीया, रॉड चिकटतोय, हँडल दोन येढं काढ." त्या दोन वेढ्यांची किंमत आज कळली : बारा अँपिअर.

रॉडच्या खोक्यांवर छापलेलं वाचून जमवलं, सगळे ६०१३ जातीचे : बारा नंबर (अडीच मिली) ६० ते ९०, दहा नंबर (३.१५) ९० ते १३०, आठ नंबर (४ मिली) १४० ते १८०. पांढऱ्या इनॅमलने काट्याच्या पट्टीवर तीन खुणा केल्या आणि प्रत्येकीशेजारी संध्याकाळची तांबडी. आता "दीडशेवर ठेव" नाही, "दहाच्या खुणेवर ठेव".

२९ नोव्हेंबर

पहिली ट्रॉली. आणि पहिली चूक, सेटची नाही.

पुढच्या हूकचं काम होतं. पोराने क्लँप मागच्या चाकाच्या रिमला लावला, तिथे रंग नव्हता म्हणून. आर्क फडफडत होता. मी हँडल फिरवून करंट वाढवत बसलो, काही फरक नाही. मग डोक्यात आलं की करंट हूकपासून चेसिसमधून अ‍ॅक्सलला, अ‍ॅक्सलमधून बेअरिंगमधून हबला आणि मग रिमला जातोय. बेअरिंगच्या गोळ्यांमधून १६० अँपिअर. हब खोलला, रेसवर बारीक काळे ठिपके, सुईने टोचल्यासारखे. बेअरिंग आमच्या पदरचं घातलं.

आमच्याकडे या क्लँपला "अर्थिंग" म्हणतात, सगळा घोटाळा या शब्दाचा. ते अर्थिंग नव्हे, करंट परत यायची वाट आहे. बॉडीची अर्थिंग वेगळी, ती जीव वाचवायला. परतीची वाट जोडाच्या हातभर अंतरात लावायची, ग्राइंडर मारून. ट्रॅक्टर जोडलेला असेल तर आधी सोडवून पुढे न्यायचा.

२ डिसेंबर

इन्व्हर्टरशी तुलना. त्याच्या तोंडावर बोटभर अक्षरात २०० लिहिलंय. मागची पाटी मात्र बारीक अक्षरात खरं बोलते : २०० अँपिअर ४० टक्क्यांना, म्हणजे सतत १२६. इनपुट २३०, आय वन मॅक्स (लाइनमधून जास्तीत जास्त अँपिअर) ४०, आय वन इफेक्टिव्ह २५. शेवटचा आकडा केबल ठरवायला, कारण तो विश्रांती धरून काढलेला असतो. ४० अँपिअर १६ च्या प्लगमधून मागितले की प्लग वितळणार, आणि गेल्या महिन्यात वितळलाच. ८० अँपिअरपर्यंत, बारा नंबरच्या रॉडला, तोच प्लग चालतो. लाइनमधून तेरा-चौदाच लागतात.

त्याचं आउटपुट मोजायला टाँग टेस्टर धरला तर मीटर शून्य. आर्क डोळ्यासमोर जळतोय आणि मीटर शून्य! पंधरा मिनिटं मीटरचे सेल बदलण्यात गेली. इन्व्हर्टरचा आउटपुट डीसी, आणि हा टाँग टेस्टर फक्त एसी बघतो. डीसी मोजणारा क्लँप मीटर वायरमनकडून आणला. नॉब १२० वर, मीटर ११८. इथे मानलं पाहिजे, याचा आकडा खरा असतो, आणि लाइन २०० वर आली तरी हलत नाही.

झाकण काढून बघितलं, प्लग काढून बराच वेळ थांबून. आतले कपॅसिटर २३० चे डीसी करून सव्वातीनशे व्होल्ट धरून बसतात. आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) त्या डीसीचे सेकंदाला हजारो तुकडे करतात. ५० सायकलला जो कोअर चौघांना उचलत नाही, तो तेवढ्या वेगाला मुठीत मावतो. पुढे डायोड, चोक, मागे पंखा. आणि सगळ्यावर आमच्या ग्राइंडरची काळी पूड. लोखंडाचीच ती, बोर्डावर ओल धरली की संपलं. ब्लोअरने लांबून उडवली.

आर्क फोर्सचा नॉब आजवर कोणी हलवला नव्हता. आर्क फार आखूड होऊन व्होल्टेज पडला की तेवढ्यापुरता करंट वाढवतो, रॉड चिकटू देत नाही. पातळ पाइपला तो कमी ठेवावा, नाहीतर भोक पडतं.

माझं मत : १६ गेजच्या पाइपचं गेट, खिडक्या, शेतात जाऊन करायचं काम इन्व्हर्टरवर. चॅनेल, अ‍ॅक्सल, हूक या सेटवर. इन्व्हर्टरने जुने सेट बाद झाले म्हणणाऱ्याने गळीत हंगामात एक आठवडा आमच्या दारात उभं राहावं.

५ डिसेंबर

कपॅसिटर. ५ केव्हीएआरचा डबा, पुराच्या पातळीच्या वर होता म्हणून वाचला. सेटवर दहा नंबरचा रॉड १२० अँपिअरने चालू, लाइनवर टाँग टेस्टर : २५ अँपिअर. कपॅसिटर जोडला : साडेचौदा. आर्कला काडीचा फरक नाही, बीड तीच, आवाज तोच. लाइनमधली नुसती ये-जा त्या डब्याशी होऊ लागली, मीटरपर्यंत जायची थांबली. मेन स्विचची केबल पूर्वी कोमट व्हायची, आता नाही.

मात्र सेट बंद असताना तो एकटा लाइनवर ठेवायचा नाही, म्हणून सेटच्याच स्विचमागे घेतला. त्याचा डिस्चार्ज रेझिस्टन्स तुटला होता, नवा लावला. बंद केल्यावर मिनिटभर हात लावायचा नाही, असं खडूने डब्यावर लिहिलंय.

११ डिसेंबर

आठ दिवसांत सहा ट्रॉल्या. आठ नंबरचा रॉड, १६५ अँपिअर, दिवसभर. टाकीला संध्याकाळी हात ठेवून मोजता येतं, चटका नाही. २३२ च्या बऱ्याच खाली चालतोय, त्यात रॉड बदलणं, स्लॅग काढणं, चहा धरला तर दहातली चार मिनिटंही आर्क नसतो.

राहिलेलं काम : जूनच्या आत शेडमध्ये आडवा बीम, १५० मिलीचा आयएसएमबी (आय आकाराचा लोखंडी बीम), कायमच्या चेन ब्लॉकसाठी. आबा म्हणतात अर्ध्या टनाचा पुरे. टाकी, तेल, कोअर, तांबं यांचा नीट अंदाज नाही आणि आम्हाला तो डोक्याच्या वर लटकत ठेवायचाय, म्हणून एक टनाचा सांगितला. बीमच्या बेस प्लेटा आज कापल्या. उद्या टॅक, म्हणजे तात्पुरते टाके.